बोटभर सैल

घरी बोललं तर गुंडीच्या कानावर जाईल, म्हणून रविवारी सगळ्यांनी दुकानात जमायचं ठरलं. ठरवलं मास्तरांनी. गुंडीला मग कोणापाशी ठेवायचं, हे मात्र त्यांच्यासकट कोणाच्याच डोक्यात आलं नाही, त्यामुळे तीही आली. तिला ट्रायलरूममध्ये बसवलं, पुढ्यात सुट्या बटणांचा डबा दिला आणि पडदा ओढून घेतला. पडदा ओढला की पलीकडच्या माणसाला ऐकू येत नाही, अशी या शिंप्यांच्या घराण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत होती.

शटर अर्ध्यावर होतं. मास्तर कापायच्या टेबलामागे उभे होते. बसून बोलणं त्यांना या दुकानात कधी जमलंच नाही. पोटची मुलंसुद्धा त्यांना मास्तरच म्हणत. थोरली लेक, म्हणजे गुंडीची आत्या, आपल्या मशीनपाशी होती. मधला, गुंडीचा बाप, दाराला टेकला होता. धाकटा, शाळेची व्हॅन चालवणारा काका, दुकानातल्या एकुलत्या एका धड खुर्चीवर पसरला होता. आणि गुंडीची आई गिऱ्हाइकांच्या बाकावर अगदी कडेला बसली होती, आत्याकडे पाठ येईल अशी. ती शाळेत गणित शिकवायची. गाठ निघाल्यापासून तिनं आत्याशी बोलणं टाकलं होतं. काही सांगायचंच झालं तर ती नवऱ्याला सांगायची, आणि तो बिचारा दोन हातांवर बसलेल्या बहिणीला तेच वाक्य पुन्हा सांगायचा.

विषय शुक्रवारचा होता. गुंडीच्या डाव्या कानाखाली, जबड्याच्या कोपऱ्यात कॅन्सरची गाठ होती. डोक्यामानेचा असा कॅन्सर इतक्या लहान मुलांना फार क्वचित होतो, असं डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. ते ऐकून काका म्हणाला होता की आमच्या घरात लॉटरी लागली ती ही. मानेतल्या गाठींपर्यंत तो पसरला होता. फुप्फुसं मात्र स्वच्छ निघाली. औषधांच्या फेऱ्या सुरू झाल्या, केस गेले, आणि आता किरणांचे उपचार द्यायचे होते. डोळा, कान, मेंदू, सगळे हाकेच्या अंतरावर, त्यामुळे किरण नेमके गाठींवरच पडायला हवेत आणि पोरीनं तसूभरही हलता कामा नये. त्यासाठी चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा बसवतात. प्लास्टिकची जाळी गरम पाण्यात मऊ करायची, तोंडावरून मानेपर्यंत ओढून दाबायची, आणि ती गार होऊन कडक होईस्तोवर निपचित पडायचं. पुढं उपचार संपेपर्यंत रोज तोच मुखवटा घालून टेबलाला अडकून घ्यायचं.

शुक्रवारी गुंडी निपचित पडली नाही. ओली गरम जाळी गालाला लागली तशी तिनं किंचाळून लाथा झाडल्या आणि टेक्निशियनच्या चष्म्याची काडी मोडली. आता सोमवारी आणखी एकदा करून बघायचं होतं. नाहीच जमलं तर रोज भूल द्यायची. रोज भूल म्हणजे रोज सकाळी उपाशी, आणि त्या पोरीच्या अंगावर आता उपाशी ठेवण्याजोगं काही उरलं नव्हतं. शिवाय भूल देणाऱ्या डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत उपचार लांबणार होते. तेवढी सवड गाठीला द्यायची नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं.

"म्हणजे प्रश्न एवढाच," मास्तर म्हणाले, "उद्या पोरगी गप कशी पडेल."

काकानं फोनवर कुठंतरी मुखवट्यावर वाघ रंगवलेला बघितला होता. मास्तरांना वाघ पसंत पडला नाही, त्यांनी राणीचा मुकुट सुचवला. वरून जरीची पट्टी लावून देतो म्हणाले. बाप म्हणाला, दोन्हीही करता येईल, वाघाची राणी. हळूहळू सगळ्यांनाच हुरूप चढला. बेढब गिऱ्हाइकाचा कोट शिवायला घ्यायचा झाला की या दुकानात असाच हुरूप चढायचा.

मास्तरांचा जन्म त्यात गेला होता. कोणाचा एक खांदा उतरलेला, कोणाच्या पाठीला बाक. गिऱ्हाईक त्याबद्दल बोलत नाही, आपणही बोलायचं नाही. टेप फिरवायची, उतरल्या खांद्यात गुपचूप पॅड घालायचं, आणि माणूस आरशासमोर ताठ दिसला पाहिजे. नव्या कारागिराला ते पहिल्याच दिवशी सांगत की अंगातलं वाकडंतिकडं बोटांनी बघायचं, तोंडानं नाही. ही विद्या मुलांपेक्षा लेकीनं जास्त उचलली.

म्हणूनच तर ते घडलं. शाळा उघडायच्या आधी गुंडीचा गणवेश शिवताना आत्याच्या बोटांना मान डावीकडे जरा भरलेली लागली. तिनं कॉलर त्या बाजूनं बोटभर सैल कापली आणि कोणाजवळ अवाक्षर काढलं नाही. कॉलर अशी बेतशीर बसली की आईनं स्वतः तोंडभरून कौतुक केलं. पुढं गुंडीचं हसू एका बाजूला ओढायला लागलं तेव्हा कुठं गाठ सगळ्यांना दिसली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कधीपासून आहे. घरचे एकमेकांकडे बघत असताना आत्यानं आपण होऊन कॉलरचं सांगितलं. तेव्हाच कळलं असतं तर पसरली नसती का, असं आईनं तिथल्या तिथं विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, सांगता येत नाही, कदाचित काहीच फरक पडला नसता. त्यातला नेमका 'कदाचित' तेवढा आई घरी घेऊन आली.

आता वाघाची राणी ठरतेय असं दिसल्यावर काकानं खुर्ची पुढं ओढली. तो घरातला विनोदवीर होता, आणि विनोद करत नसला की सगळे जरा बिचकायचे.

"वहिनी, एक बोलू? गुंडी आत्यासमोर स्टुलावर उभी राहते ना, टाचणी लागली तरी हूं की चूं करत नाही. उद्या ताईला आत जाऊ दे."

आईनं नवऱ्याकडे पाहिलं. लग्न झाल्यापासून घरात कितीही फाटाफूट झाली तरी तो तिच्या बाजूला असायचा. मास्तर त्यावरून त्याला टोमणेही मारायचे. या वेळी तो पायातल्या चपलेकडे बघत म्हणाला की त्यालाही तसंच वाटतंय. शुक्रवारी त्या खोलीत आपणच होतो, आपलीच पोर आपल्याच हातातून सुटायला धडपडत होती, हे तिला झोपू देत नव्हतं. आणि आता ही मंडळी त्यावर हातचा धरून हिशेब सोडवत होती.

"त्यांना सांग," ती नवऱ्याला म्हणाली, "त्यांनी एकदा हात लावला तेवढा पुरे झाला."

बापानं दाराचा टेकू सोडला. "ती इथंच बसलीये," तो म्हणाला. "तूच सांग. माझ्याच्यानं आता होत नाही."

आत्या मशीनच्या चाकावर हात ठेवून बसली होती. खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं होतं. इतके दिवस जावयासारखा मान देऊन बाजूला ठेवलं होतं तिला. ताटात काय हवं नको तेही भावामार्फत विचारलं जाई. त्यापेक्षा हे उघड बोललेलं बरं. गणवेश शिवला त्या दिवशी तिला कळलं होतं. नक्की काय ते कळलं नव्हतं, पण ते बाळसं नाही, एवढं तिच्या बोटांना कळलं होतं. जीभ मात्र उचलली नाही. रात्री अंथरुणावर तिनं ठरवलं होतं की उद्या सांगू. उद्या गणवेशांची गर्दी होती. मग आईनं कौतुक केलं, आणि कौतुकानंतर तर सांगणं अवघडच झालं.

"तिचं काही चुकलं नाही," मास्तर म्हणाले. "शिकवणारा मी. बोलायचं तर मला बोला."

"मास्तर, तुम्ही गप्प बसा हो," आत्या म्हणाली. मास्तरांना कोणी गप्प बस म्हणण्याची या दुकानातली ही पहिलीच वेळ. काकानं खुर्ची हळूच मागं घेतली.

तेवढ्यात पडद्याच्या कड्या वाजल्या. गुंडी बाहेर आली. टोपी कपाळावर घसरली होती, मुठीत बटणं होती. जन्मली तेव्हा ती इतकी एवढीशी होती की काकानं तिला गुंडी म्हणायला सुरुवात केली, आणि आता औषधांनी तिला पुन्हा त्या मापाची केली होती. पँटीची उंची घेताना गिऱ्हाइकांना ज्यावर उभं करत त्या स्टुलावर ती चढली आणि सगळ्यांच्या तोंडाकडे एकदा बघून घेतलं.

"शुक्रवारची ती ट्रायल नव्हती," ती म्हणाली.

कोणाला काही उमजेना.

"आई म्हणाली, ट्रायल आहे. नवीन टोपीची. गप उभं राहतेस तशी गप झोप. ट्रायलला कापड असतं. ते कापड नव्हतंच."

बापानं आईकडे पाहिलं. आईनं हे कोणालाच सांगितलं नव्हतं. शिंप्याची पोर, ट्रायल म्हटलं की पुतळ्यासारखी उभी राहते, मग तेच सांगू, असा साधा सरळ विचार तिनं केला होता. दुसऱ्या कुठल्या घरात हे कोणाला सुचलंही नसतं. पण गुंडीला ट्रायल म्हणजे काय ते चांगलं ठाऊक होतं, आणि चेहऱ्यावर गरम काहीतरी आवळायला लागलं तेव्हा पहिल्यांदा तिला हेच कळलं की आईनं फसवलं. घाबरली ती त्यानंतर. आई बाकावर मान खाली घालून बसली. तिला स्वतःची शरम वाटली, आणि शरमेपेक्षाही जास्त, आपण आत्यासारखंच केलं याचा राग आला.

मास्तरांनी घाईनं सावरून घेतलं. उद्याचं निराळं आहे म्हणाले, उद्या राणीचा मुकुट आहे.

"मी सगळं ऐकलंय," गुंडी म्हणाली. "मुकुट पण नाहीये."

आई उठली. बाकाला वळसा घालून ती मशीनसमोर येऊन उभी राहिली. इतक्या दिवसांत तिनं आत्याचा चेहरा नीट पाहिलाच नव्हता. तो बराच उतरला होता.

"ताई, तुम्ही सांगा तिला."

"काय सांगू?"

"हाताला लागेल ते. तोंडानं सांगा. माझ्यासमोर."

आत्यानं हातावरचा खडू पदराला पुसला. स्टुलासमोर उभी राहून तिनं गुंडीच्या मानेला दोन्ही बाजूंनी बोटं लावली, आणि ती बोटं जागच्या जागी थांबली. आयुष्यात कोणाच्या अंगाबद्दल ती मोठ्यानं बोलली नव्हती.

"इथं गाठ आहे. आधी कोटाच्या मोठ्या बटणाएवढी होती. औषधानं लहान झाली, आता शर्टाच्या बटणाएवढी लागतेय. खाली मानेत आणखी आहेत, बारीक. उजवीकडे मला काही लागत नाही." तिची बोटं पुन्हा डावीकडे आली. "गणवेश शिवला ना तुझा, तेव्हाच मला लागली होती. मी कोणाला सांगितलं नाही. कॉलर सैल केली."

"का?"

"सांगितलं तर सगळे घाबरतील असं वाटलं."

"मग?"

"मग मी एकटीच घाबरले."

गुंडीला ते पटलं असावं. तिनं स्वतःचं बोट तिथं लावून बघितलं. मग आत्यानं उद्याचं सांगितलं. जाळी ओली असेल, गरम असेल, आणि घट्ट बसेल. नाकातोंडावरून जाईल, पण भोकांतून श्वास घेता येईल. दुखणार नाही, पण आवडणारही नाही. काढ म्हटलं तरी लगेच काढता येणार नाही, कारण ती कडक व्हावी लागते. ती असली की किरण बरोबर या बटणांवरच पडतात, डोळ्यावर पडत नाहीत. हे सगळं आत्या एकेक करत बोलली, कच्ची टीप घालावी तसं. किती घट्ट, असं गुंडीनं विचारलं. आत्यानं दोन्ही तळव्यांनी तिचा चेहरा धरला आणि दाबला. एवढं, म्हणाली.

"करून बघू," गुंडी म्हणाली.

मास्तर हे सगळं टेबलामागून बघत होते. त्या टेबलावर कापडाशिवाय काही ठेवायची कोणाची छाती नव्हती; काकानं लहानपणी एकदा त्यावर चढून बसल्याबद्दल मार खाल्ला होता आणि अजून तो ते बोलून दाखवायचा. मास्तरांनी कात्री उचलली, पट्टी उचलली, हातानं टेबल झाडलं, अंगातलं जाकीट काढून घडी केली आणि उशाला ठेवली. मग नातीला स्वतः उचलून वर निजवलं. ती कापडाच्या ताग्याहून हलकी लागली. त्यांचा धंदा चाळीस वर्षं चांगला चालला होता, लोक नाव घेत होते, आणि आज त्यांना कळेना की आपण नक्की काय शिकवत आलो.

इस्त्रीचं फडकं कोमट पाण्यात भिजवून आत्यानं गुंडीच्या तोंडावर ठेवलं, आधी सांगून. गुंडीनं लगेच ओढून फेकलं. दुसऱ्यांदा थोडं टिकलं. मग काका म्हणाला की व्हॅन सिग्नलला उभी आहे, सिग्नल सुटेपर्यंत ड्रायव्हरनं हलायचं नाही, आणि तो तोंडानं गाड्यांचे आवाज काढत राहिला. त्याचा सिग्नल काही लवकर सुटेना. फडक्याखालून हसण्याचा आवाज आला, पण पोर हलली नाही. बाप तोंड फिरवून शटरखालून रस्ता बघत बसला.

निघताना आईनं आत्याला बाजूला घेतलं. उद्या आत तुम्हीच जा, म्हणाली. एकालाच जाता येतं.

"पण मी तुम्हाला माफ केलंय असं समजू नका."

"नाही समजत," आत्या म्हणाली.

"आणि हाताला नवीन काही लागलं तर आधी मला."

"आधी तुला."

सोमवारी मुखवट्याच्या खोलीबाहेर तिघी बसल्या होत्या. बापाला दुकान उघडायला लागलं होतं, म्हणजे तसं तो म्हणाला होता. टेक्निशियननं दार उघडलं. चष्म्याच्या काडीला चिकटपट्टी लावलेली होती. गुंडीनं ती बघितली आणि सॉरी म्हणाली. तो हसला, म्हणाला, नंबर तसाही बदलायचाच होता. आत वाफाळणाऱ्या पाण्याचं तसराळं होतं आणि शेजारी ते अरुंद टेबल. कोण येणार, त्यानं विचारलं. आत्या उठली, गुंडीचा हात धरला. दोन पावलं टाकून गुंडी उंबऱ्यातच थांबली.

"हे केलं की गाठ जाईल ना?"

तिनं आत्याला विचारलं. आत्या म्हणाली, "ते मला नाही गं माहीत," आणि आईकडे बघितलं. टेक्निशियनच्या ओठांवर 'हो तर' आलंच होतं. रोज कितीतरी मुलांना तो ते म्हणत असणार, आणि त्यात त्याचं काही चुकतही नसणार. आईच्याही ओठांवर तेच होतं. एक शब्द म्हटला असता तर पोर निमूट आत गेली असती.

आई तिच्यासमोर उकिडवी बसली. "जावी म्हणून करतोय. पुष्कळ मुलांची जाते. तुझी जाईलच, असं मला माहीत नाही."

"तुला पण माहीत नाही?"

"नाही."

"डॉक्टरांना?"

"त्यांनाही नाही, बाळा. सगळे झटतायत, पण आधीच कोणाला कळत नाही."

गुंडीनं खाली मान घालून विचार केला. आईला वाटलं, आता रडेल, आता मागं फिरेल. आपण सगळं घालवलं. मग गुंडीनं आत्याच्या हातातून हात सोडवून घेतला.

"मग तू ये आत," ती आईला म्हणाली.

आत्या एक पाऊल मागं सरली. टोपी ठेव तुझ्यापाशी, असं गुंडीनं तिला बजावलं आणि टोपी काढून दिली. दार लागलं.

आत आईनं एकेक सांगितलं. आता डोकं खाली. आता ते चष्मेवाले काका जाळी पाण्यातून काढतायत. आता पाणी निथळतंय. आता गरम लागेल, आता. जाळी गुंडीच्या कपाळावरून, नाकावरून, त्या वाकड्या हसण्यावरून खाली ओढली गेली आणि तिचा चेहरा दिसेनासा झाला. चारही बोटांनी टेक्निशियन कडा दाबत होता. आईनं तिचा हात हातात घेतला होता आणि ती बोलत होती, काय बोलतेय ते तिचं तिला समजत नव्हतं. छोटी छाती वर होत होती, खाली होत होती. बाकी काही हलत नव्हतं.

"हलू नका," टेक्निशियन हळूच म्हणाला.

आई घाबरी झाली. "नाही हलत ती. बघा ना, अजिबात हलत नाहीये."

"तिला नाही म्हणत," तो म्हणाला. "तुम्हाला म्हणतोय. तुमच्या हातानं ती हलतेय."